ट्रंकेमागचं दार

प्रार्थनाघरामागच्या खोलीला दोन दारं होती. पुढचं सडकेकडे उघडायचं, मागचं शेताच्या बांधाकडे. मागच्या दाराच्या फटीतून वारा आत शिरायचा आणि थेट पलंगाखाली जाऊन बसायचा. म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्याने आपली पत्र्याची ट्रंक ओढत नेऊन त्या दाराला टेकवली, वर पुस्तकांचे दोन गठ्ठे ठेवले आणि हात झटकले. नव्या जागेत स्वतःच्या अकलेने केलेलं ते पहिलं काम. आईला त्याने फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा.

"शहाणा माझा," आई म्हणाली. "मागची दारं बंदच बरी. चोराचिलटांची सोय कशाला?"

तो सव्वीस वर्षांचा होता. घरी आई दवाखान्यात पट्ट्यांच्या गुंडाळ्या करायची, वडील डेपोत बसगाड्या धुवायचे आणि थोरल्या भावाचं लग्न झाल्यापासून दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती. त्या घराचं एकुलतं एक दार दिवसभर सताड उघडं असायचं. येणारा-जाणारा डोकावायचा, बसायचा, उठता उठत नसायचा. आपल्याला कधीतरी एकटं बसायला मिळावं, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. मिशनरी होऊन परदेशातल्या खेड्यात जातो, असं त्याने सांगितलं. भाऊ म्हणाला, "देवाचं सांगायला एवढ्या लांब? आपल्या गल्लीत कुणी ऐकेना म्हणून होय रे?" सगळे हसले. तोही हसला. वहिनी तेवढी हसली नाही. तिने मुकाट्याने ट्रंकेत एक जाडी शाल घातली.

इथे माळावर विखुरलेली चाळीसेक घरं होती. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरात ऐकू जाणार नाही, एवढ्या अंतरावरची. प्रत्येक घरापाशी एक धुराडं आणि एक कुत्रं. त्याच्याआधी इथे एकच मिशनरी एकतीस वर्षं राहिले होते, गुडघे गेले तेव्हा गेले. ते जुने ब्रदर, म्हणून हा नवे ब्रदर. जुन्या ब्रदरांनी मागे एक सायकल, एक किटली आणि भिंतीत अकरा खिळे ठेवले होते. त्या खिळ्यांना काय लटकत असे, ते मात्र बरोबर नेलं होतं.

कामाची रीत त्याला दोन वर्षांच्या शिक्षणात पाठ झाली होती. घराच्या समोरच्या दाराशी जावं. बूट पुसलेले असावेत. तीनदा वाजवावं, मग टोपी काढून दोन पावलं मागे सरून उभं राहावं, हात समोरच्याला दिसतील असे ठेवावेत. महिनाअखेरीला एक कागद भरून वरच्या फादरांकडे पाठवावा. त्या कागदावर तीन रकाने होते. किती घरी गेलात, उपासनेला किती माणसं आली, किती घरांनी आत बोलावलं.

पहिला रकाना तो अभिमानाने भरायचा. चौदा, सतरा, बावीस. दुसऱ्यात बहुतेकदा तीन असायचे. टपालवाला, टपालवाल्याची बायको आणि एक बहिरे आजोबा, ज्यांना बाकाची सवय झाली होती. तिसऱ्या रकान्यात शून्य.

त्याला कळत नव्हतं ते हे. तो दार वाजवायचा. आत कुणीतरी चालता चालता थबकायचं. मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज यायचा, कपाट असेल नाहीतर पेटी. दाराला अडसर लावताहेत, असं त्याला पहिल्यांदा वाटलं तेव्हा कान तापले. मग कडी करकरायची, फुगलेलं लाकूड दोन-तीन हिसक्यांनी सुटायचं आणि वीतभर फटीत एक पांढराफटक चेहरा दिसायचा.

"काय झालं?"

"काही नाही. मी नवे ब्रदर. सहज भेटायला आलो."

"काहीच नाही झालं?"

"नाही."

त्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून जायचं, आणि उतरलेल्या जागी राग यायचा. "बरं," एवढं म्हणून दार लागायचं. तो दोन पावलं मागे, हात दिसतील असे ठेवून, तसाच उभा. आतून पुन्हा काहीतरी ओढल्याचा आवाज.

सत्तावीस घरी हेच. दूधवाल्याकडे, सुताराकडे, शाळेत घंटा देणाऱ्या बाईंकडे. भावाला त्याने कळवलं, की इथले लोक रामरामच असा करतात, आल्या आल्या काय झालं म्हणून विचारतात. भावाला ते फार आवडलं. पुढे दर फोनला तो "काय झालं?" असंच सुरू करायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

वहिनी फोनवर आली की विचारायची, "भावजी, कुणाकडे जेवलात का?"

"हो, परवाच."

"काय केलं होतं?"

"बटाटे."

"आणि?"

"बटाटेच. वेगवेगळे."

पुढच्या वेळी तिने विचारलं तर आपण काय सांगितलं होतं ते आठवावं, म्हणून तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू लागला. सुताराकडे बटाटे. दूधवाल्याकडे भाकरी, गरम दूध. जे कधी घडलं नाही त्याची ती यादी वाढत गेली आणि एखाद्या संध्याकाळी ती वाचताना त्याला खरंच पोट भरल्यासारखं व्हायचं. त्याची त्यालाच भीती वाटली. पान फाडलं नाही, पण वही गादीखाली सरकवली.

दिवस लांबच लांब असायचे. सकाळी तो प्रार्थनाघराची बारा बाकं पुसायचा, ज्यांतली अकरा कुणी मळवलेली नसायची. दुकानातून एकदम आठवड्याचं सामान आणण्याऐवजी आज काड्यापेटी, उद्या साबण असं आणायचा, म्हणजे रोज एकदा कुणाला तरी "द्या" म्हणता यायचं. तो आत शिरला की दुकानातलं बोलणं थांबायचं. जेवायचा उभ्यानेच, कारण एका ताटासाठी टेबल पुसण्यात अर्थ वाटेना. एकदा किटली उतू गेली तेव्हा तो तिला मोठ्याने रागावला, आणि खोलीत आपला आवाज ऐकून कितीतरी वेळ हातात फडकं धरून बसून राहिला. एकटं बसायला मिळावं, हे त्याचं जुनं मागणं कुणीतरी फारच मन लावून पुरं केलं होतं.

चौथ्या महिन्यात वरच्या फादरांचं पत्र आलं. अक्षर सुबक, मजकूर मायेचा. "घाई नाही. पण सहा महिन्यांत एकाही घराने आत घेतलं नाही, तर तिथे माणूस ठेवण्यात अर्थ नाही असं आम्ही समजू आणि तुम्हाला परत बोलावून घेऊ. यात कमीपणा नाही." ते पत्र त्याने बायबलमध्ये ठेवलं. परत जायची त्याला भीती नव्हती; घरी तर सगळ्यांना आनंदच झाला असता. पण एका जागी अर्धं वर्ष राहून कुणाच्या घरात आपल्या बुटांचा ठसाही उठू नये, आणि आपण निघून गेल्यावर फक्त एक सायकल मोकळी व्हावी, हे त्याला सोसवेना.

पाचव्या महिन्यात तो दुसऱ्या फेरीला शिवणमावशींच्या घरी गेला. या बाई माळाच्या टोकाला एकट्या राहत. कपडे शिवत, आसपासच्या शेतांवरची फाटकी पोतीही शिवून देत. सगळे त्यांना शिवणमावशीच म्हणत. त्याने बूट पुसले, तीनदा वाजवलं, मागे सरला. आतून चाकांचा कर्रकर्र आवाज, मग धाप. दार उघडलं. मावशींनी एका हाताने चौकट धरली होती, दुसरा छातीवर.

"काय झालं?"

"काही नाही मावशी. सहज..."

मावशी उंबऱ्यावर मटकन बसल्या. डोळे मिटले. तो घाबरून पुढे झाला.

"पाणी आणू का?"

"कुठून आणशील? घरात कधी आलायस?" त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "मेल्या, तू एक दिवस जीव घेशील माझा. सहज म्हणे. सहज कुणी या दाराने येतं का रे?"

तो पुन्हा दोन पावलं मागे सरला.

"तू यायच्या आधी हे दार मी या घरात आल्यापासून तीनदाच उघडलं होतं. सासरे गेले तेव्हा त्यांना बाहेर नेलं. मग दोन माणसं आली, टोप्या काढून उभी राहिली, आणि मला कळलं की माझा नवरा ट्रॅक्टरखाली गेला. आणि तिसऱ्यांदा हे शिवणयंत्र आत घ्यायला, कारण मागच्या, स्वयंपाकघराच्या दारातून ते मावेना. माळावरच्या कुणालाही विचार. समोरून येतो तो वाईट निरोप घेऊन येतो, बाकी सगळे मागून. आणि तू? दर दोन दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या दाराशी टोपी काढून उभा! दूधवाल्याची बायको सांगत होती, तुझी सायकल चढावर दिसली की तिला घाम फुटतो."

सत्तावीस चेहरे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. आत ओढली जाणारी कपाटं गेली. ती अडवायला नव्हती, दार मोकळं करायला होती.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"जुने ब्रदर मागूनच यायचे. आम्हाला वाटलं, धर्माची माणसं, आता त्यांची काही नवी रीत असेल. देवाच्या माणसाला कोण म्हणणार की बाबा, मागून ये?" त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "आणि तू तरी कुठे कुणाला येऊ दिलंस?"

"मी?"

"पहिल्याच आठवड्यात मी आले होते तुझ्याकडे. मागचं दार ढकललं, हलेना. पुन्हा ढकललं. म्हटलं, ह्याला माणूस नकोय. दोघी-तिघी तशाच परत आल्या."

त्याच्या तोंडून कसाबसा एकच शब्द निघाला. "ट्रंक."

मावशींनी त्याला घराला वळसा घालून मागे नेलं. वाटेत चिखल होता. तो बूट जपून टाकू लागला तशा त्या म्हणाल्या, "टाक की पाय. चिखल न लावता आलेला पाहुणा मी बघितला नाही अजून." मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ऊब, पोत्यांचा वास, सुतळीची रिळं आणि एकुलत्या मोकळ्या खुर्चीवर एक जाडजूड मांजर. मावशींनी मांजर उचलून जमिनीवर ठेवलं. मांजराने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बसताना "माफ कर" म्हणाला. मावशी हसल्या. पाच महिन्यांत त्याच्या बोलण्यावर हसलेलं ते पहिलं माणूस.

खोलीवर परतल्यावर त्याने पुस्तकं उतरवली, ट्रंक बाजूला ओढली आणि मागचं दार उघडलं. पायरीवर झाकण गंजलेली मुरंब्याची बरणी होती. ओलाव्याने सडून पायरीला चिकटलेला लोकरी मोज्यांचा जोड होता. एक कापडी पिशवी होती, तिच्यात कांदे. कांद्यांना कधीतरी हिरवे कोंब फुटले होते, पिशवी फाडून वर आले होते आणि वाळून गेले होते. तो पायरीवर बसला. एवढे दिवस त्याच्या उशापासून सात पावलांवर हे सगळं त्याची वाट बघत होतं.

त्याने दार मोकळं ठेवलं. वारा पुन्हा पलंगाखाली जाऊन बसू लागला. पण कुणी आलं नाही. माणसं एकदा दार ढकलून बघतात, फार तर दोनदा. पाच महिन्यांनी तिसऱ्यांदा कोण येतं? मावशी तेवढ्या आल्या एका सकाळी, न वाजवता सरळ आत. तो उघड्या अंगाने दाढी करत होता.

"अंगात घाल काहीतरी, बरगड्या मोजून घ्यायला नाही आले मी," म्हणाल्या. "गुरुवारी ये. पोती आहेत, धरायला माणूस लागतं."

मग दर गुरुवारी तो जाऊ लागला. मावशी दाभणात सुतळी ओवून पोत्याची शिवण घालत, तो दोन्ही कडा ताणून धरी. देवाधर्माचं बोलणं जवळजवळ होत नसे. बोलणं व्हायचं ते थोरलीचं. मावशींची थोरली बहीण दूरच्या गावात राहायची. दर रविवारी दोघी फोनवर तासभर भांडायच्या, म्हणून तर मावशींना उपासनेला यायला जमत नसे. भांडण आईच्या कात्रीवरून. शिवणकाम करणार मावशी आणि कात्री नेली थोरलीने.

"म्हणते, मी मेल्याशिवाय मिळायची नाही. मी म्हटलं, मग आटप लवकर, माझं कापड खोळंबलंय." आणि त्या हसत हसत दाभण पोत्यात खुपसत. चाळीस वर्षं चाललेला विनोद होता तो.

कागदाचं त्याने त्यांना सांगितलं होतं. "सहाव्या महिन्याला काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"एक."

"मांजराचं वेगळं धर. दोन होतील."

महिना संपायला चार दिवस राहिले होते. वादळी वाऱ्याने माळाच्या टोकाकडची फोनची तार तुटली होती. कागद भरून त्याने कोटाच्या खिशात ठेवला होता. तिसऱ्या रकान्यातला 'एक' त्याने शाईने लिहिला होता आणि तो वाळेपर्यंत बघत बसला होता. सकाळी तो किटली ठेवत असतानाच पुढचं दार वाजलं.

पुढचं. आई? बाबा? दारापर्यंतची पाच पावलं संपेनात. त्याने दार उघडलं आणि त्याच्याच तोंडून निघालं, "काय झालं?"

टपालवाला टोपी हातात घेऊन उभा होता. "तुमच्या घरचं नाही, ब्रदर," तो घाईने म्हणाला. "शिवणमावशींची थोरली. काल दुपारी, बसल्या जागी. शेजारणीने मावशींना लावून पाहिला, लागेना, म्हणून आमच्या कचेरीत फोन केला."

घरचं नाही म्हणून सुटलेला श्वास पुरा बाहेर पडायच्या आतच त्याला लाज वाटली.

"तुम्ही जा," टपालवाला म्हणाला. "मी पत्रं पेटीत टाकतो. तोंडी निरोप मला नाही जमत. शिवाय..."

"शिवाय काय?"

"त्या दाराची तुम्हाला सवय आहे." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

माळाच्या टोकाला, मावशींच्या फाटकापाशी तो सायकलवरून उतरला. इथून दोन वाटा फुटत. एक फरशीची, गवत वाढलेली, समोरच्या दाराकडे. दुसरी चिखलाची, आता त्याच्याच बुटांनी थोडी जास्त मळलेली, मागे जाणारी. धुराड्यातून धूर निघत होता. मागून गेलं तर त्या म्हणतील, "आज कसा वाट चुकलास?" मांजर उठवतील, किटली ठेवतील. आणि त्या तेवढ्या उबेत त्याला तोंड उघडावं लागेल. समोरून गेलं, तर काही बोलायच्या आधीच त्यांना कळेल. पण मग तो पुन्हा त्या दाराचा माणूस होईल. ज्या घराचा त्याने शाईने एक आकडा केला होता ते घर त्याला आयुष्यभर या सकाळसाठी ओळखेल. माळावर दुसरं कुठलंच घर त्याला नव्हतं.

तो बराच वेळ सायकल धरून उभा राहिला. मग फरशीच्या वाटेने गेला. बूट पुसले नाहीत. तीनदा वाजवलं, आणि या वेळी मागे सरला नाही.

आतली पावलं थांबली. मग शिवणयंत्राची चाकं कर्रकर्र वाजू लागली, अगदी हळू, मध्येच थांबत. बाहेरून त्याला मदत करता येत नव्हती. कडी निघाली. मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या टोपीकडे.

त्यांनी "काय झालं" विचारलं नाही.

"थोरली?"

"हो. काल दुपारी. बसल्या जागी."

मावशींनी मान हलवली, जणू कुणी पत्ता विचारला आणि त्यांना तो ठाऊक होता. मग दार लावून घेतलं. लाकूड दोन हिसक्यांनी बसलं. चाकांचा आवाज पुन्हा झाला.

तो पायरीवर उभा राहिला. या दारांपाशी तो कितीतरी वेळा असा उभा राहिला होता; पण दरवेळी काय करायचं ते त्याला माहीत असे, सायकलवर बसायचं आणि पुढच्या घरी जायचं. आज पुढचं घर नव्हतं. धुराड्यातला धूर पातळ होत गेला. कुत्रं येऊन त्याचे बूट हुंगून गेलं. जावं की थांबावं, हे कुणीतरी सांगेल म्हणून तो थांबला होता, आणि सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी तो घराला वळसा घालून चिखलातून मागे गेला.

दार लोटलेलं होतं. मावशी टेबलापाशी बसून दाभणात सुतळी ओवत होत्या. सुतळी भोकात जात नव्हती. खुर्ची रिकामी होती. मांजर आधीच जमिनीवर होतं.

तो बसला. त्यांच्या हातातून दाभण घेतलं, सुतळी ओवली, परत दिलं. पोत्याच्या कडा ताणून धरल्या. मावशी शिवण घालू लागल्या.

"आता कात्री येईल," मावशी म्हणाल्या.

सांत्वनाची दहा वचनं त्याला पाठ होती, आणि त्यांतलं एकही या स्वयंपाकघराच्या दारातून आत मावलं नसतं.

दोन हात शिवण झाल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "समोरून आलास ते बरं केलंस. मागून आला असतास, तर पहिल्यांदा मी हसले असते."

त्यांनी गाठ मारली. दाताने सुतळी तोडली.

"तो तुझा कागद टाकलास पेटीत?"

"नाही अजून. खिशातच आहे."

"मग टाक जाताना. गुरुवारी बारा पोती यायची आहेत. मी एकटी किती धरू?" आणि त्याचे हात सैल पडलेले पाहून त्यांनी पोतं जरा त्याच्याकडे ढकललं. "धर नीट."